घरावर घर बांधताना

मंडळी, तुमच्या गावाला येणाऱ्या रस्त्याने दोन्ही अंगांची घरे जरा न्याहाळत चला. पुष्कळ नव्या घरांच्या स्लॅबवर लोखंडी सळया उभ्या दिसतील. खालचा मजला पुरा झालेला आहे, भिंतींना रंग लागला आहे, दारावर तोरण आहे, माणसे राहायला येऊन वर्षे लोटली आहेत. पण कॉलमच्या सळया वर तशाच सोडलेल्या. कुणी त्यांना कपडे वाळत घालायची तार बांधली आहे, कुणी त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या पालथ्या घातल्या आहेत. या सळयांचा अर्थ गावात कुणाला विचारावा लागत नाही. “धाकट्याचं लग्न ठरलं की वर दोन खोल्या काढू,” एवढाच तो अर्थ.

अशा वर काढायच्या घरांबद्दल आज बोलायचे आहे. पण नुसते विटा-सिमेंटाबद्दल नव्हे. आहे त्या घरावर दुसरे घर चढवायचे, तर ज्यांच्या डोक्यावर ते चढणार त्यांना विचारायचे की नाही, विचारायचे तर कुणाकुणाला, कोणत्या शब्दांत, आणि आलेली उत्तरे मोजायची कशी, याबद्दल बोलायचे आहे. वरवर पाहता यात अवघड काही नाही. ‘हो’ किती आणि ‘नाही’ किती, एवढेच तर मोजायचे! पण बेरीज बरोबर असूनही हिशेब चुकतो, असे या कामात फार वेळा होते.

आधी हा प्रश्न निघतो कशाने ते पाहू. गावठाण काही वाढत नाही, माणसे वाढतात. गावठाण सोडून बाहेर बांधायचे म्हणजे पिकाऊ जमीन मोडायची, बिनशेतीचे कागद करायचे, वीज-पाणी ओढून न्यायचे. म्हणून आडवे पसरण्यापेक्षा उभे वाढा, हा शहरातला सल्ला आता खेड्यातही ऐकू येतो. सल्ला वाईट नाही. जमीन वाचते, म्हातारे आईबाप खाली आणि लेक-सून वर अशी सोय होते, भावाभावांत वेगळे निघाले तरी उंबरठा एकच राहतो. कोकणात उतरत्या कौलांवर मजला चढत नाही, तिथे आधी छपरच उतरवावे लागते. तो प्रश्न थोडा निराळा. देशावर आणि मराठवाड्यात सपाट छपराची वहिवाट जुनी, त्यामुळे तिथे वर चढण्याचा मोह लवकर होतो.

आता समजा, तुमच्या गावात असा विचार निघाला आणि लोकांचे मत घ्यायचे ठरले. वही घेऊन घरोघर फिरायचे काम कुणाकडे येणार? बहुधा शाळेतल्या गुरुजींकडे नाहीतर बाईंकडे. खानेसुमारीला तेच फिरतात, मतदारयाद्याही पुष्कळदा तेच तपासतात. तेव्हा हेही त्यांच्याच गळ्यात पडायचे. म्हणून आजचे बोलणे जरा जास्त त्यांना उद्देशून आहे. बाकीच्यांनीही कान द्यावा, कारण उत्तरे त्यांना द्यायची आहेत.

वहीतला पहिला प्रश्न समजा असा लिहिला: “गावची पिकाऊ जमीन वाचावी म्हणून आहे त्या घरांवर मजले चढवावेत, हे तुम्हाला पटते ना?” घरोघर ‘हो’ येईल. जमीन बुडावी असे कोण म्हणणार? शिवाय वाक्याच्या शेवटी तो जो ‘ना’ बसला आहे, त्याने उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. आता त्याच माणसाला विचारा: “तुमच्या परसाकडे तोंड करून शेजाऱ्याच्या वरच्या मजल्याला खिडकी येणार आहे, तुमची न्हाणी तिथून दिसेल. चालेल का?” तो जरा थांबेल. मग तिसरा प्रश्न: “तुम्ही राहता त्याच खोलीवर दुसरे बिऱ्हाड बांधायचे आहे. सहा महिने डोक्यावर ठोकाठोक चालेल, गच्ची जाईल, जिना तुमच्या दारावरून जाईल. चालेल का?” आता तो कदाचित सरळ नाही म्हणेल.

माणूस एकच, उत्तरे तीन, आणि तिन्ही खरी. यात लबाडी काही नाही. गावाचे भले व्हावे असेही त्याला वाटते आणि आपल्या न्हाणीत कुणी डोकावू नये असेही वाटते. लबाडी होते ती पुढे. पहिल्या प्रश्नाचे ‘हो’ गोळा करून तिसऱ्या प्रश्नाचा निकाल लावायचा, आणि मग “लोकांचा पाठिंबा आहे” म्हणून कागद पुढे सरकवायचा, याला लबाडी म्हणायचे. असे कागद शहरात कमी फिरत नाहीत. म्हणून कुणी पाठिंब्याचा आकडा सांगितला, की आधी विचारावे, प्रश्न काय होता? शब्दशः दाखवा.

प्रश्न कोण विचारतो, यालाही तेवढेच महत्त्व आहे. बांधकामाचा ठेका घेणारा माणूस बरोबर असला तर ऐकणारा त्याच्या तोंडाकडे पाहून बोलतो. चावडीवर सगळ्यांसमोर हात वर करायला सांगितले, तर थोरल्या भावाचा हात वर गेल्यावर धाकट्याचा खाली राहत नाही. ज्याच्याकडे उसने-पासने चालते त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ वळत नाही. एकेकाला त्याच्या घरी, शांतपणे विचारावे. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

आणि विचारायचे कुणाला? गावठाणांची मोजणी अलीकडे ड्रोनने होऊ लागली आहे. २०२० साली केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना काढली, तिच्यात वरून छायाचित्रे घेऊन घरांच्या हद्दी ठरवतात आणि मिळकत पत्रिका देतात. काम उपयोगाचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घराला कागद नव्हता त्यांच्या हाती कागद येतो. पण ड्रोनला वरून छप्पर दिसते. त्या छपराखाली चुली किती, हे त्याला दिसत नाही. कागदावर नाव थोरल्याचे. आत राहतात तीन भाऊ, एक विधवा आत्या आणि पुढच्या खोलीत भाड्याने राहणारा कंपाउंडर. छपरावर मजला चढणार तो या सगळ्यांच्या डोक्यावर.

खानेसुमारीत कुटुंब कसे मोजतात, ते गुरुजींना ठाऊक आहे. ज्यांचे जेवण एका चुलीवर होते ते एक कुटुंब. आपल्या कामालाही हे माप चांगले आहे. दारे मोजू नयेत, चुली मोजाव्यात. आणि प्रत्येक चुलीपाशी निदान दोघांना विचारावे, त्यात एक बाई असावी. ही सौजन्याची गोष्ट नव्हे, हिशेबाची आहे. वर नळाला जोर नसला तर हंडे जिन्याने वर कोण नेणार? गच्चीवर कुरडया, सांडगे, मिरच्या, डाळी वाळत कोण घालते? गच्ची गेली तर हे सगळे कुठे घालायचे, हा प्रश्न कुटुंबप्रमुखाला सुचणारच नाही. “घरी विचारून सांगते” असे बाईने म्हटले, तर ते ‘हो’ म्हणून लिहू नये आणि ‘नाही’ म्हणूनही लिहू नये. पुन्हा जावे.

भाडेकऱ्याला विचारावे काय, यावर वाद होतो. घर त्याचे नाही, मग त्याचे मत कशाला? माझे म्हणणे, विचारावे. मात्र त्याचे उत्तर निराळ्या रकान्यात लिहावे. बांधण्याचा हक्क मालकाचा असेल, पण छत गळले तर भिजणारा तो आहे, आणि बांधकाम चालू असता खाली झोपणाराही तोच आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. थोड्या माणसांना विचारून सगळ्यांचे मत ताडायचे, ते याच न्यायाने. पण शिताची परीक्षा केव्हा खरी ठरते? भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजला असेल तेव्हा. खाली करपलेला आणि वर कच्चा असेल, तर कुठले शीत उचलले यावर सगळे अवलंबून. इमारतीचे तसेच आहे. तळमजल्यावरच्या माणसाला वरचे बिऱ्हाड फारसे जाणवत नाही. उलट जिना दुरुस्त होईल, रंग लागेल, म्हणून तो खूश असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा माणूस गच्ची गमावतो, आवाज सोसतो आणि गळतीची भीती बाळगतो. म्हणून पाहणी करताना मजल्याप्रमाणे उत्तरे वेगळी मांडायची, एकत्र ढवळायची नाहीत.

मोजण्यातली आणखी एक गंमत पाहा. समजा एका चाळीत बारा गाळे आहेत. त्यांतले पाच एकाच माणसाचे, बाकी सात सात निरनिराळ्या कुटुंबांचे. वर मजला चढवावा काय, म्हणून विचारले. पाच गाळेवाला ‘हो’ म्हणाला, आणखी तीन कुटुंबे ‘हो’ म्हणाली, चार ‘नाही’ म्हणाली. गाळे मोजले तर बारापैकी आठ, म्हणजे दोन-तृतीयांश पाठिंबा. मालक मोजले तर आठांपैकी चार, म्हणजे बरोबर निम्मे. आणि ती ‘नाही’ म्हणणारी चारही कुटुंबे वरच्या मजल्यावरची निघाली, तर? ज्यांच्या डोक्यावर बांधायचे त्यांच्यापैकी एकाचाही पाठिंबा नाही. तिन्ही आकडे खरे आहेत. छापून येतो तो बहुधा पहिला.

आता वजनाकडे येऊ, कारण ‘चालेल’ म्हणणाऱ्याला आपण कशाला ‘चालेल’ म्हणतो आहोत हे ठाऊक असायला पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. अनंत चतुर्दशीचे गणपती पोचवून माणसे नुकती झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या आसपास जमीन हलली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. भूकंप जगाच्या हिशेबाने अतिप्रचंड म्हणावा असा नव्हता, ६.२च्या आसपास त्याची तीव्रता मोजली गेली. मग एवढी माणसे का गेली? दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती चुन्या-सिमेंटात नव्हे, मातीत रचलेल्या. भिंतीला आतले आणि बाहेरचे अशी दोन तोंडे, मधे चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. आणि वर माळवद: लाकडी पाटांवर मातीचा जाड थर. पावसाळा तोंडावर आला की गळू नये म्हणून त्यावर दरसाल थोडी नवी माती. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलाने टाकली. वजन चढत गेले, ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. जिथे लाकडी खांब-तुळयांचे खण चांगले बांधलेले होते तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या तरी छप्पर खांबांवर तोलून राहिले, आणि खाली झोपलेली माणसे वाचली.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. तिच्यावर दीड फूट माती असेल तर वजन भरते सहा ते सात टन. हे नुसत्या मातीचे. आता कुणी म्हणाले, माती काढून स्लॅब टाकू आणि वर तेवढीच एक खोली बांधू. नऊ इंची विटांची भिंत दहा फूट उंच बांधली, की तिच्या एक फूट लांबीला सुमारे चारशे किलो वजन होते. चार बाजूंची मिळून चाळीस फूट भिंत म्हणजे सोळा टन. दारे-खिडक्या वजा करून तेरा-चौदा धरा. पाच इंची स्लॅबचे जवळजवळ तीन टन, आणि तो एक नव्हे, दोन: एक दोन मजल्यांच्या मधला, एक माथ्यावरचा. वर हजार लिटरची पाण्याची टाकी बसवली, ती भरली की एक टन. माणसांचे वजन यापुढे किरकोळ. पंधरा मोठी माणसे मिळून एक टन होतात. म्हणजे “वर काय, दोघंच तर राहणार,” या बोलण्याला काही अर्थ नाही. दोघांसाठी वीसएक टन चढतात.

हे सगळे वजन शेवटी पायावर येते. काळ्या मातीतला पाया असेल तर जास्तच जपावे. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घर तिच्याबरोबर दरसाल थोडे उचलते, थोडे बसते. भिंतीत तिरप्या भेगा जातात त्या यामुळेही. पाया मुरमापर्यंत नेला आहे की मातीतच थांबवला आहे, हे वरून पाहून कळत नाही. जाणता इंजिनिअर पायाशेजारी एक खड्डा खणायला लावतो, रुंदी-खोली पाहतो, कॉलम ठोकून तपासतो. गवंडी अनुभवी असला तरी हे काम त्याच्या अंदाजावर सोडू नये. गवंड्याचा अपमान म्हणून हे सांगत नाही. त्याला खालचा पाया दिसलेलाच नसतो, कारण तो बांधला दुसऱ्याने.

आणि त्या सळया! त्या पाहून माणसाला वाटते, सोय करून ठेवली आहे, आता फक्त वर चढवायचे. पंधरा-वीस पावसाळे उघड्यावर खाल्लेली सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो मुळाशी कॉंक्रीटला आतून फोडतो आणि तिथून पाणी कॉलममध्ये उतरते. बारा मिलिमीटर जाडीच्या सळईला नवी सळई जोडायची तर साधारण दोन फूट लांबी एकमेकींशेजारी यावी लागते. वर हातभर दिसणाऱ्या सळईचा गंजलेला भाग कापून टाकला तर जोडायला राहते किती? काहींनी त्या कपडे वाळवताना अडचण होते म्हणून वाकवून ठेवलेल्या असतात, त्या पुन्हा सरळ करताना आणखी कमजोर होतात. सळया सोडायच्याच असतील तर त्यांवर सिमेंटचा पातळ गिलावा देऊन किंवा हलके कॉंक्रीट भरून झाकून ठेवाव्यात. बाटल्या घालून काही होत नाही.

मग आपल्या वहीतला प्रश्न कसा पाहिजे? इंजिनिअरने पाहणी केली, अमुक वजन चढेल, अमुक ठिकाणी आधार द्यावा लागेल, इतके महिने काम चालेल, इतका खर्च आणि तो अमक्याने करायचा, असे आधी सांगून मग “चालेल का?” Mग विचारलेल्या या प्रश्नाचे ‘हो’ खरे. पाहणीच्या आधी घेतलेले ‘हो’ हे नुसते सदिच्छेचे.

तुमची मुलेबाळे पुण्या-मुंबईला, ठाण्या-नाशिकला फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्याही कामाची गोष्ट इथेच सांगतो. महाराष्ट्रात १९६३ साली गाळ्यांच्या मालकीबद्दल कायदा झाला. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, गाळे घेणाऱ्यांना जो आराखडा दाखवून व्यवहार केला, त्याबाहेर जादा बांधकाम करायचे तर बांधणाऱ्याने सगळ्या गाळेधारकांची आधी संमती घेतली पाहिजे. मंजूर आराखड्यात आधीच दाखवलेल्या दुसऱ्या इमारतींना ही अट नको, असा बदल १९८६ साली झाला. मग बांधणारे एक युक्ती करू लागले. विक्रीच्या करारातच बारीक अक्षरांत एक ओळ: पुढे जे काही बांधू त्याला घेणाऱ्याची संमती आहे. माणूस घराच्या आनंदात सही करतो, ती ओळ वाचतो कोण? हे भांडण मधुविहार सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले, आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की अशी आधीच घेऊन ठेवलेली मोघम संमती चालणार नाही. काय बांधायचे आहे ते पुरते उघड करून, त्या बांधकामापुरती संमती घेतली पाहिजे. आपण वहीच्या प्रश्नाबद्दल जे म्हटले तेच हे, फक्त कोर्टाच्या भाषेत.

पुढे २०१६ साली केंद्राने स्थावर मालमत्तेचा कायदा केला, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात. त्यात प्रकल्पाच्या मंजूर आराखड्यात असे मोठे फेरफार करायला निदान दोन-तृतीयांश गाळेधारकांची लेखी संमती लागते, आणि त्यात बांधणारा स्वतः धरायचा नाही. एका माणसाने स्वतःच्या वा घरच्यांच्या नावावर कितीही गाळे घेतले असले तरी तो एकच मोजायचा, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या चाळीतला पाच गाळेवाला आठवा. कायदा करणाऱ्यांनाही तो भेटलेला दिसतो.

संमती आणि परवानगी दोन्ही धाब्यावर बसवली म्हणजे काय होते, ते ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला दिसले. सात मजले उभे होते, आठव्याचे काम चालू होते, आणि खाली माणसे राहत होती. बेकायदा इमारत कोसळून चौऱ्याहत्तर जण गेले.

हा प्रश्न एकट्या आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० पासून नियम सैल करून, १९४८ नंतर बांधलेल्या काही प्रकारच्या इमारतींवर दोन मजल्यांपर्यंत नवी घरे चढवायला वाट मोकळी केली गेली. तिथे पुष्कळ फ्लॅटवाले जागा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतात. जमीन आणि बहुधा छप्परही मूळ मालकाचे राहते. त्यामुळे डोक्यावरची मोकळी जागा मूळ मालक विकू शकतो. नगरपालिका आजूबाजूच्यांना कळवते, उजेड अडतो काय, खाजगीपणा जातो काय असे ठरावीक मुद्दे पाहते. पण तिथे हात मोजून निकाल लागत नाही. नुसते बहुतेक लोक विरोधात आहेत, एवढे कारण पुरत नाही.

इस्राएलने उलटी वाट धरली. २००५ साली तिथे एक योजना निघाली. १९८०पूर्वी परवानगी मिळालेल्या, भूकंपाच्या दृष्टीने कच्च्या इमारती बळकट करायच्या. खर्च बांधणाऱ्याने करायचा आणि मोबदला म्हणून त्याने वर नवे मजले बांधून विकायचे. रहिवाशांना लिफ्ट, भक्कम खोली, मजबूत खांब. बांधणाऱ्याला वरची घरे. आधी एकमत जमेना, म्हणून कायद्याने दोन-तृतीयांश मालकांची संमती पुरेशी केली, आणि आडून बसलेल्यांचे म्हणणे ऐकून निवाडा करण्याची सोय ठेवली. कल्पना मोठी नामी होती. तेल अवीव आणि त्याच्या आसपास हजारो कुटुंबांनी ‘हो’ म्हटले. पण भूकंपाचा धोका जास्त कुठे? पूर्वेकडे, जॉर्डनच्या खोऱ्यालगत, तिबेरियास, किर्यात श्मोनासारख्या गावांत. तिथे जागेला भाव नाही, वरचे घर विकून खर्च निघेना, म्हणून बांधणारे तिकडे फिरकलेच नाहीत. लोक तयार नव्हते असे नव्हे. त्यांना विचारायलाच कुणी गेले नाही. २०१९ साली ती योजना गुंडाळायचा निर्णय झाला. पाठिंब्याचा आकडा वाचताना हेही पाहावे, की ज्या घरांना खरी गरज होती त्यांच्या दारी वही पोचली होती काय.

आता गुरुजी, तुमच्या वहीकडे. पानावर वरती तारीख आणि प्रश्न शब्दशः लिहा, सगळ्यांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. चूल कोणती, मजला कोणता, मालक की भाडेकरू, पुरुष की बाई, हे एका ओळीत. मग उत्तराचे चार रकाने: ‘हो’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’, आणि ‘हो, पण’. हा चौथा रकाना रुंद ठेवा. खरे बोलणे त्यातच येते. “हो, पण जिना मागून काढा.” “हो, पण पन्हाळीचं पाणी आमच्या भिंतीवर नको.” “हो, पण काम उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात लेकरांना घेऊन कुठं जाऊ?” बांधणाऱ्याला या ओळी कामाच्या, नुसत्या बेरजेने त्याचे काहीच अडत नाही. पुष्कळदा ‘हो, पण’मधला ‘पण’ भागवला, की एखाद्या ‘नाही’चेही ‘हो’ होते, आणि तेही न दटावता.

मुंबईला कामाला गेलेल्या भावाचा हिस्सा असेल तर त्याला फोन लावून तोच प्रश्न वाचून दाखवा, आणि फोनवर विचारले असे लिहा. लेकी-बहिणींचाही वडिलोपार्जित घरात हिस्सा असतो, त्या सासरी गेल्या म्हणून यादीतून गाळू नका; पुढे कागद अडतो तो इथेच. ग्रामसभेत आकडे वाचून दाखवताना प्रश्न आधी वाचा, मग मजल्यावार उत्तरे, मग ‘पण’ची यादी. नावे वाचू नका. आणि इंजिनिअरचा अहवाल पाहणीनंतर आला, त्यात नवे काही निघाले, तर जुनी वही बाजूला ठेवून पुन्हा फिरावे लागेल. म्हणून शक्यतो अहवाल हाती येईपर्यंत वही काढूच नये.